ढिलं दीदबान

पंजाबराव कुलूप लावून तीनदा ओढून पाहायचा आणि चार पावलं चालून गेला की चौथ्यांदा ओढायला परत यायचा. घरच्या गाईचं दूधसुद्धा आधी हुंगायचा, मग प्यायचा. कुणी मजूर काम सोडून निघाला की त्याचं गाठोडं ओसरीवर उघडायला लावायचा आणि वर म्हणायचा, "राग नको मानू बे, रीत हाय." ही रीत गावात दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हती. ती यानंच काढलेली.

अशा माणसानं रायफल घेतली आणि त्याच्या जिवाला आणखी एक घोर लागला. पिकं राखायचा परवाना काढून त्यानं ती चिखलीच्या एका पेन्शनीत निघालेल्या जंगलसाहेबाकडून जुनीच घेतली होती. कॅनव्हासच्या पिशवीत घालून, पिशवीच्या तोंडाला सुतळीची गाठ मारून तो ती देवघराच्या कोपऱ्यात ठेवायचा. ती गाठ आपल्याशिवाय कुणाला मारता येत नाही, याचा त्याला मोठा अभिमान होता.

भादव्यात तिनं एका गोळीत रानडुक्कर पाडलं. पण दिवाळीच्या आसपास तिला काय झालं कुणास ठाऊक, ज्वारीत शिरलेल्या डुकरांवर झाडलेल्या तीन गोळ्या लागोपाठ भलतीकडे गेल्या. तिसरी तर शेजारच्या उत्तमरावाच्या मचाणावर गेली आणि त्याच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा डेरा फोडून गेली. उत्तमराव ओल्या धोतरानिशीच चावडीवर आला. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्याच्या भांडणापायी पंजाबरावानं आपल्यावर नेम धरला, असं तो गावभर ओरडून सांगू लागला.

पंजाबरावानं घरी येऊन रायफल उलटसुलट करून पाहिली. नळीवर मागच्या बाजूला एक खाच असलेली लहानशी पट्टी असते. तिच्यातून नळीच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे बारीक उंचवट्यावर, नेम धरतात. ती पट्टी अंगठ्यानं ढकलली तरी इकडची तिकडे होत होती. त्याच्या डोक्यात एकच विचार आला. ही ढिली झाली नाही, कुणीतरी केली!

कुणी केली हे ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही. पिशवीची गाठ तर शाबूत होती. म्हणजे घरात कुणी हात लावला नाही. घरून मळ्यात रायफल कोण नेतं? सहदेव नेतो. मचाणावर ती पिशवीतून काढून खांबाला कोण टेकवतं? सहदेव. सहदेव बारा वर्षं त्याच्याकडे सालाच्या बोलीवर राबणारा सालदार, मान खाली घालून काम करणारा. पण पंजाबरावाच्या मते मान खाली घालणारा माणूसच अधिक बघावा लागतो. उत्तमरावानं त्याला फितवलं असणार, म्हणजे आपला परवानाही जाईल आणि त्याला धुराही मिळेल. चावडीवर चार माणसांत त्यानं सहदेवचं नाव घेतलं.

"सोमवारी रोहिणखेडच्या मिस्त्रीले दाखवतो," तो म्हणाला. "त्यानं सांगितलं की कोणी हात मारला, तं तिथूनच सहदेवले ठाण्यावर नेतो."

सहदेव पायरीखाली उभा होता. तो एवढंच म्हणाला, "चाला."

सोमवारी दोघं निघाले. पुढे सहदेव, मागे पंजाबराव. एरवी सहदेवच्या खांद्यावर असायची ती रायफल आज धन्याच्या खांद्यावर होती. दोन कोस वाट. सहदेवनं सवयीनं वाटेतली बाभळीची काटकी पायानं बाजूला सारली, मागच्याला लागू नये म्हणून. त्यातही पंजाबरावाला लबाडी दिसली. बघा कसा साळसूदपणा चालवलाय!

गुलाम रसूल मिस्त्रीचं दुकान मशिदीमागच्या गल्लीत होतं. कंदील, कुलपं, शिलाई मशीन आणि पंचक्रोशीतल्या परवान्याच्या बंदुका, सगळं त्याच्याच हातून जायचं. त्यानं आधी परवाना पाहिला, मग रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि ती शिकंज्यात चामड्याचे तुकडे घालून अलगद आवळली.

"दीदबान ढिलं झालं," पट्टीला बोट लावून तो म्हणाला.

"झालं का केलं, ते सांगा," पंजाबराव म्हणाला आणि सहदेवकडे बघत राहिला.

मिस्त्रीनं चष्मा कपाळावर सारला, डोळा जवळ नेला. "हे एकदा निघालेलं हाय, पंजाबराव. अन् मंग कोणंतरी ठोकून बसवलं. उजव्या अंगानं घालाचं, तं डाव्या अंगानं घातलं. अडाण्याचं काम हाय. बाजूले हे पिवळं पाहा. पितळेनं ठोकलं."

"पाह्यलं?" पंजाबराव सहदेववर गरजला. मग एकदम थबकला. मिस्त्रीच्या हातात पितळेचीच दांडी होती. "मिस्त्री, पितळेनं तं तुमीच ठोकता!"

गुलाम रसूल हसला. "ठोकतो ना. पण ही रायफल माह्याकडं आजच आली. आता मलेच ठाण्यावर नेता का?"

पंजाबराव वरमला, पण मनात त्यानं एक नोंद करून ठेवलीच.

मिस्त्रीनं पितळी दांडी टेकवून दोन हलके ठोके दिले. दीदबान सुटून त्याच्या तळहातावर पडलं. खालची फट झिजून रुंद झाली होती. जुन्या मालकानं तिच्यात डब्याच्या पत्र्याची कातरण भरून काम भागवलं होतं. "पह्यलेपासूनच कच्चं होतं हे," मिस्त्री म्हणाला. "हातातून पडली रायफल, की हे निघालंच समजा." त्यानं फट पुसायला चिंधी घातली. चिंधी लाल होऊन बाहेर आली.

"गंज," पंजाबराव म्हणाला.

मिस्त्रीनं बोटांत चोळून पाहिलं. मग चिंधी त्याच्यापुढे धरली. "गंज असा नसते, भाऊ. हे कुंकू हाय. ओल्या बोटाचं, आतमंदी गेलेलं."

पंजाबराव चिंधीकडे पाहत राहिला. रायफलला कुंकू वर्षातून एकदाच लागतं, खांडेनवमीला, शस्त्राच्या पूजेत. म्हणजे दीदबान निघालं ते नवमीलाच. आणि नवमीला सहदेव गावात नव्हता. त्याच्या लेकीचं बाळंतपण होतं नांदुऱ्याला. अष्टमीला पंजाबरावानं स्वतः त्याला एस.टी.त बसवून दिलं होतं. स्वतः म्हणजे, तो खरंच गेला की नाही हे पाहायला. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी तो परत आला होता.

मिस्त्री शहाणा माणूस. दुसऱ्याच्या घरचं कुंकू त्यानं चिंधीत गुंडाळून बाजूला ठेवलं. फटीचे काठ हळूहळू ठोकून आत घेतले, पितळेचा नवा पत्रा कापून बसवला आणि दीदबान उजव्या अंगानं घालून घट्ट केलं. अंगठ्यानं कितीही रेटलं तरी ते आता हलत नव्हतं.

दुकानाबाहेर आल्यावर सहदेव म्हणाला, "ठाण्याची वाट इकडून हाय, मालक."

"घरी चाल," पंजाबराव म्हणाला.

घरी त्याची बायको सुभद्राबाई चुलीपाशी बसून पितळी खलबत्त्यात आलं ठेचत होती. पंजाबराव उंबऱ्यात उभा राहून तिच्या हातातल्या बत्त्याकडे बघत राहिला. तिनं वर पाहिलं आणि तिचा हात थांबला.

"नवमीले काय झालं होतं व?" त्यानं विचारलं.

तिनं लपवलं नाही. "कुंकू लावताना पाटावरून घसरली. ते लोखंड निघून पडलं. मी बत्त्यानं ठोकून बसवलं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगणारच होती. तुमी आंघोळ करून आले अन् पह्यला सवाल काय केला, आठवते? गाठ कोणं सोडली म्हणून. गाठ तुमीच सोडून देली होती मले, घडीभरापह्यले." तिचे डोळे भरून आले. "आठ दिवस झाले, सहदेवभाऊचं नाव ऐकून राह्यली. घास उतरत नाही. पण तुमाले सांगाची हिंमत होत नाही. उद्या चावडीवर माहं नाव सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा पंजाबरावाला कुणावर संशय घ्यावा ते सुचेना, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चावडीवर, जिथं सहदेवचं नाव घेतलं होतं तिथंच, त्यानं ते मागे घेतलं. चूक माझ्या घरात झाली, सहदेवचा हात नाही, असं चारचौघांत सांगितलं. उत्तमरावाला नवा डेराही नेऊन दिला. सगळं मिटलं असं त्याला वाटलं. त्यानं पिशवीला गाठ मारायचंही सोडून दिलं.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल संपतं. त्या दिवशी सकाळी सहदेव ओसरीपुढे आला. काखेत गाठोडं होतं.

"येतो मालक. दुसरीकडं ठरवलं."

"काऊन बे? मी तं चावडीवर बोललो ना?"

"बोलले ना. तुमचं काही वाईट नाही," सहदेव म्हणाला. मग कुणी न सांगताच तो खाली बसला. गाठोडं सोडून त्यानं एकेक वस्तू ओसरीवर मांडली. दोन धोतरं, घोंगडी, चिलीम, नातवासाठी घेतलेला लाकडी बैल. "पाहून घ्या."

"राहू दे, सहदेव, राहू दे!" पंजाबराव कळवळून म्हणाला.

पण त्याची नजर तोवर घोंगडीच्या घडीत जाऊन आली होती, आणि सहदेवनं ती पाहिली होती.