दोन औंस लोणी

विनिफ्रेडने रुमाल डोळ्यांना लावला आणि तिसऱ्यांदा तेच म्हटलं, "आई काही खातच नाही हो. डॉक्टर म्हणतात, थोडं लोणी पोटात गेलं तर तरेल."

"तुझी रेशनची कुपनं संपली, त्याला मी काय करू, पोरी?" गल्ल्यामागची म्हातारी मिसेस क्रॉशॉ म्हणाली. "नियम म्हणजे नियम. माझा लेकसुद्धा लढाऊ बोटीवर आहे."

विनिफ्रेड हलली नाही. असं उभं राहायला तिला अन्नखात्यातल्या हॅझलमसाहेबांनी शिकवलं होतं. इंग्लंडच्या जर्मनांशी लढाईचं तिसरं वर्ष. सव्वीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलीने सरकार नेमेल तिथे जायचं. मैत्रिणी बॉम्बच्या कारखान्यात गेल्या, हिला अन्नखात्याने घेतलं, कुपनांशिवाय माल विकतात का, अशी दुकानदारांची परीक्षा पाहायला.

म्हातारी आत गेली आणि आपल्या जेवणाच्या टेबलावरची बशी घेऊन आली. लोण्यावर सुरीचे ओरखडे होते, पावाचे कण चिकटले होते. त्यातलं निम्मं कापून तिने कागदात गुंडाळलं.

"हे माझ्या वाट्याचं आहे, दुकानातलं नाही. पैसे नकोत."

पैशांशिवाय खटला उभा राहत नव्हता. विनिफ्रेडने नाणी पुढे केली. म्हातारीने ती मागे सरकवली.

"घ्या हो. नाहीतर आईच्या घशाखाली उतरायचं नाही ते."

हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिचं तिलाच सुचलं.

पोरीचं मन मोडायला नको म्हणून म्हातारीने नाणी उचलली, तोच दार ढकलून हॅझलमसाहेब आत आले.

कोर्टात न्यायाधीशांनी म्हातारीला विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचंय का? ती विनिफ्रेडकडे वळली.

"आता कशी आहे गं तुझी आई?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बरी आहे," विनिफ्रेड म्हणाली.

दंड झाला, दुकानाचा परवाना गेला. बाहेर आल्यावर विनिफ्रेडने कारखान्यात बदली मागितली.

"कारखान्यात कुणीही जाईल," हॅझलमसाहेब म्हणाले. "असं रडायला कोण मिळणार मला?"

खटल्याची बातमी गल्लीभर झाली होती. शनिवारी ती आपल्या गल्लीतल्या टॉरडॉफ खाटकाकडे गेली. रांगेतल्या बायका बोलता बोलता थांबल्या आणि बाजूला झाल्या. आधी तिचा पाय उचलेना. मग ती सरळ पुढे गेली. लहानपणापासून तिला 'विनी' म्हणणारा टॉरडॉफ आज 'मिस' म्हणाला. तिच्याकडे न बघताच त्याने पुडकं बांधलं. पुडकं हातात घेताच जास्तीचं वजन तिच्या ध्यानात आलं. तिने ते पिशवीत टाकलं.

घरी आईने कागद उलगडला. दोघींच्या वाट्याचे मटणाचे दोन चॉप, आणि त्यांच्याखाली आणखी तीन, जाडजूड, चरबीची कड असलेले.

"अगंबाई! भला माणूस हो टॉरडॉफ."

चरबी तव्यात चरचरली. विनिफ्रेड दारातच उभी राहिली. परत करायचे तर काय सांगून? आणि तक्रार करायची तर... ती खुर्चीवर बसली. पहिला घास तिने न चावताच गिळला. दुसरा चावला. मग पावाच्या तुकड्याने ताटलीतला रस्सा स्वच्छ पुसून घेतला.

"पुढच्या शनिवारी पण तूच जा गं," आई म्हणाली. "मला कधी देत नाही तो एवढं."

"जाईन," विनिफ्रेड म्हणाली, आणि ताटली पुढे केली.