खालून तिसरा

"द्या ना इकडे," म्हणत पियर्स लोमॅक्सने हेस्टरच्या हातातल्या पिशवीचा बंद धरला. हेस्टरने तो सोडला नाही. स्कारबरो स्टेशनच्या दारात क्षणभर दोघं ती पिशवी दोन बाजूंनी धरून उभी राहिली. मग पियर्स हसला आणि त्याने गाडीचं दार उघडलं.

पिशवीत लपवण्यासारखं काही नव्हतं. एक छत्री, एक स्वेटर, अर्धवट खाल्लेलं सँडविच. पण हेस्टर ऑर्मरॉडचा अनुभव असा होता की माणसं आधी पिशवी उचलतात आणि मग विषय काढतात.

दर पाच वर्षांनी लीड्सच्या विद्यापीठात देशभरातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांकडून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सगळ्या पंतप्रधानांना गुण दिले जात. कोण किती कर्तबगार, कोणी मागे काय ठेवलं, याचा तो निवाडा. वर्तमानपत्रं तो पहिल्या पानावर छापत. पंतप्रधान एडगर लोमॅक्सच्या कारकिर्दीवर हेस्टरने उभं आयुष्य घालवलेलं, त्यामुळे त्याच्या बाबतीत बाकीचे तिच्याकडे बघूनच आकडा टाकत. आणि तिच्याच आकड्यामुळे लोमॅक्स मागच्या दोन्ही खेपांना खालून तिसरा आला होता. आता निवृत्तीच्या आधीची ही तिची शेवटची खेप. लोमॅक्सच्या विधवेने जेवायला बोलावलं, तेव्हा हेस्टरचा नवरा म्हणाला होता, "जा, पण मीठ बेतानं खा. नंतर त्याला जागावं लागतं."

गाडी समुद्राकाठच्या चढाला लागली आणि पियर्सने विषय काढला.

"काकांच्या घराचं संग्रहालय करायचं म्हणतोय. देणगीदार तयार आहेत. पण त्यांचं एकच म्हणणं. खालून तिसऱ्या पंतप्रधानाचं घर बघायला येणार कोण?"

"रास्त प्रश्न आहे," हेस्टर म्हणाली.

"दहा-बारा जागा वर सरकवा असं नाही म्हणत मी. मधोमध कुठेतरी आले तरी भागेल."

"आणि लेडी लोमॅक्स? त्या कुठे राहणार?"

"काकूची फार छान सोय बघितलीय. चोवीस तास नर्स, बाग, सगळं. घर तसंही ट्रस्टचं आहे."

"आणि ट्रस्ट?"

"मीच बघतो," पियर्स नम्रपणे म्हणाला.

"त्यांना मान्य आहे?"

"अर्थात."

म्हणजे सगळं घरच सामील आहे, हेस्टरने मनात नोंद केली आणि स्वेटर अंगात चढवला.

सिबिल लोमॅक्स दारातच उभ्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या, किडकिडीत, ओठांना मात्र ठळक लाल रंग. जेवायला भट्टीत भाजलेला फिशपाय होता, आत हॅडॉक मासा आणि वर बटाट्याचा खरपूस थर. हेस्टरने अगदी थोडा वाढून घेतला आणि काट्याने इकडचा तिकडे करत राहिली.

"खा हो, विष नाही घातलेलं," सिबिलबाई म्हणाल्या. "पियर्सच्या ताटात घालायचा कधीमधी मोह होतो. पण तुम्ही पाहुण्या."

"काकू म्हणजे ना!" पियर्स मोठ्याने हसला. मग त्याच्या खिशातला फोन वाजला. देणगीदारच असावेत, कारण तो पुटपुटत थेट बाहेर बागेत गेला आणि जाताना त्याने दार ओढून घेतलं.

सिबिलबाईंनी काचेतून त्याची पाठ दूर जाईपर्यंत वाट पाहिली.

"कितवा आला होता मागच्या वेळी?"

"खालून तिसरा."

"आणि यंदा?"

"अजून ठरायचंय."

"मग ऐका. त्याला आणखी खाली घ्या. अगदी तळाला घातलात तरी माझी तक्रार नाही."

हेस्टरने काटा खाली ठेवला. एवढ्या वर्षांत तिने नाना तऱ्हेच्या शिफारशी पाहिल्या होत्या. कोणाचा मुलगा भेटायला आला होता, कोणाच्या जुन्या चिटणिसाने डोळ्यांत पाणी आणलं होतं, कोणी नाताळला वाईन पाठवली होती. खाली ओढायची शिफारस घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. नवऱ्याला नावं ठेवायची, म्हणजे ऐकणाऱ्याला कीव येते आणि तो आपण होऊन दोन गुण वाढवतो. चाल वाईट नव्हती.

"तळाला का?" तिने सावधपणे विचारलं.

"का म्हणजे? भाषण करताना झोप यायची लोकांना. मित्रांना नाही म्हणता यायचं नाही, मग असले एकेक मंत्री! आणि पौंडाचं काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. सांगा, यात गुण देण्यासारखं काय आहे?"

पाठ केल्यासारखं एका दमात म्हणून झालं. हेस्टरने ठरवलं, धागा जरा ताणून बघू.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "आणि बंदरातल्या संपाचं तर बोलायलाच नको. कोळसा नाही, अन्न नाही, अख्खा देश गारठलेला, आणि हा गृहस्थ दोन दिवस अंथरुणात. साधं पडसं झालेलं. भित्रा होता, दुसरं काय."

सिबिलबाई वाटाणे वाढून घेत होत्या. पळी वाटेतच थांबली.

"कोण भित्रा?"

"तुम्हीच म्हणालात—"

"मी पौंडाबद्दल म्हणाले. भाषणाबद्दल म्हणाले." पळी भांड्यात परत आपटली. "तुला काय ठाऊक गं, पोरी? तू होतीस तिथे? बंदुका देऊन शिपाई बंदरात उतरवायचे, असा हुकूम तयार होता. हलमध्ये, लिव्हरपूलमध्ये. सगळं मंत्रिमंडळ एका बाजूला आणि हा एकटा एका बाजूला. नाही म्हणाला असता तर त्याच संध्याकाळी त्याला काढून दुसऱ्याकडून सही घेतली असती. मग काय करायचं? आजारी पडायचं! आजारी माणसाला काढता येत नाही, बरं दिसत नाही ते. मंत्री सहीचे कागद घेऊन आले आणि दारात मी. घरातला झगा घालून. म्हटलं, ताप एकशे तीन आहे, डोळे उघडत नाही. आणि हा आत उशीवर पत्ते मांडून अंडी खात बसलेला. टरफलं मी खिशात घालून बाहेर आणायचे."

त्यांनी वाटाण्याचं भांडं बाजूला सारलं.

"दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालक आणि कामगार एका टेबलाशी बसले. मिटलं. एक गोळी सुटली नाही. आणि तू म्हणतेस भित्रा!"

"मग हे त्यांनी कधीच का सांगितलं नाही?"

"कोणाला सांगणार? मंत्र्यांना? की बाबांनो, मी तुम्हाला उल्लू बनवलं? वर्तमानपत्रांनी व्यंगचित्रांत त्याला टोपी घालून झोपलेला दाखवला, तेव्हा मी रडले. तो म्हणाला, हसू दे त्यांना. हसतायत म्हणजे जिवंत आहेत ना."

बाहेर खडीवर पावलं वाजली. सिबिलबाईंनी मान वळवली आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलं. त्यांनी हातरुमालाने ओठ टिपले, रंग पसरला.

"हे तुम्ही ऐकलेलं नाही," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. 'तू'चं पुन्हा 'तुम्ही' झालं होतं.

"पण हे खरं असेल, तर—"

"खरंच आहे. म्हणूनच ऐकलेलं नाही. माझी सोय केलीय ती जागा मला दाखवून आणलीय पियर्सनं. साडेपाचला रात्रीचं जेवण वाढतात तिथे. साडेपाचला! एडगर तुमच्या यादीत वर सरकला की मी या घराबाहेर. या घरात तो गेलाय, वरच्या खोलीत. मलाही तिथूनच जायचंय."

दार उघडलं. "काय म्हणते आमची काकू?" पियर्सने उत्साहाने विचारलं.

"पौंडाबद्दल बोलत होतो," हेस्टर म्हणाली, आणि फिशपाय आणखी वाढून घेतला.

परतीच्या आगगाडीत मात्र ती गोष्ट तिला पुरती गिळता येईना. म्हातारीचा संताप खरा की बसवलेला? तळाला घाला म्हणणं हे आमिष, आणि मग ही गोष्ट हा गळ, असं तर नव्हे? काकू आणि पुतण्या आता टेबल आवरताना एकमेकांकडे बघून हसत असतील. यॉर्क येईपर्यंत हेस्टरला तसंच वाटत होतं. मग तिला तो डॉक्टर आठवला, म्हणजे त्याचं नसणं आठवलं. पंतप्रधानाला एकशे तीन ताप, आणि त्या दोन दिवसांत डॉक्टर आल्याची कुठे साधी नोंद नाही. हे तिला फार पूर्वीच दिसलं होतं. तेव्हा तिने त्याचा अर्थ लावला होता की आजार खोटा, माणूस पळपुटा. आजार खोटा, एवढंच तेव्हा सिद्ध झालं होतं. पुढचा शब्द तिचा स्वतःचा होता, आणि तो ती तीस वर्षं वर्गात शिकवत आली होती.

पुढच्या आठवड्यात तिने लोमॅक्सच्या नावापुढे पेन्सिलने नवा आकडा मांडला. दहापैकी चाराच्या जागी सात. इतिहास कोणाची राहण्याची सोय बघून लिहायचा नसतो, असं ती विद्यार्थ्यांना सांगत असे. आताही तिने ते स्वतःला मोठ्याने सांगून पाहिलं. मग खिडकी उघडली, बंद केली, आणि पेनाने लिहायचं उद्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"डॉक्टर ऑर्मरॉड? मी सिबिल लोमॅक्स." आवाज सपाट होता, जड फर्निचर सरकवत न्यावं तसा एकेक शब्द येत होता. "मी विचार केला. एडगरवर अन्याय झाला आहे. त्याला वर घ्यावं, अशी माझी विनंती आहे."

"त्या दिवशी तुमचं म्हणणं वेगळं होतं."

"वय झालं. मी काहीही बोलते."

पलीकडे खुर्ची करकरली. सिबिलबाई बोलत असताना नव्हे, बोलून झाल्यावर. हेस्टर रिसीव्हर कानाशी घट्ट धरून थांबली. खुर्ची पुन्हा करकरली नाही, पण कोणीतरी घसा साफ करता करता थांबलं.

"लेडी लोमॅक्स, वर घ्यायचं तर मला कारण लागेल," ती सावकाश म्हणाली. "सगळं अडतंय ते संपाच्या त्या दोन दिवसांवर. तुम्ही तिथे होतात. त्याबद्दल काही नवीन सांगण्यासारखं असेल तर आत्ता सांगा. मी लिहून घेते."

हेस्टरने पेन्सिल कागदावर टेकवली.

"तापानं फणफणला होता," सिबिलबाई म्हणाल्या. "डोळे उघडत नव्हता बिचारा. दुसरं काय सांगू?"

हेस्टरने खोडरबर उचललं. सात पुसायला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त घासावं लागलं. कागद तिथे जरा विरला.

"मग माझा नाइलाज आहे," ती म्हणाली. "झोपून राहिलेल्या माणसाला गुण कशाचे देणार?"

"काहीच नाही करता येणार?"

"काहीच नाही."

"अरेरे," सिबिलबाई म्हणाल्या. फोनवर त्यांनी तळहात ठेवला असावा, पण नीट ठेवला नव्हता. "ऐकलंस ना, पियर्स? मी सांगून पाहिलं."