कुंपणापलीकडचा गोल

एकहार्ट ब्रोमेलकांपने दाराएवढा टीव्ही आणून बागेतल्या लाकडी खोपटाला टांगला, तेव्हा त्याच्या डोक्यात फुटबॉल कमी आणि निवडणूक जास्त होती. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या रेल्वेरुळांलगत भाड्याच्या छोट्या छोट्या बागांची वसाहत आहे, तिचा हा अध्यक्ष. कुणाचं कुंपण बोटभर वाढलं, कुणी दुपारच्या शांततेत गवत कापलं, सगळ्यावर साहेबांची नजर. दुसऱ्या दिवशी सकाळी वार्षिक सभेत अध्यक्ष निवडायचा होता आणि यंदा लोक फारच कुरकुरत होते. म्हणून हॉलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्याला त्याने अख्खी वसाहत बोलावली. फुकटच्या सॉसेजने भल्याभल्यांची तोंडं बंद होतात, हा त्याचा अनुभव होता.

फक्त शेजारच्या बागेतली ओमा इल्से आली नाही. वसाहतीची ही आजी. तिच्या खोपटावर जुन्या टीव्हीचा एक गंजका अँटेना होता आणि तो शोभेला बाधक आहे म्हणून उतरवावा, असा ठराव उद्या एकहार्टच मांडणार होता. मग ती कशाला येतेय!

सामना रंगात आला. पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर घुटमळत होता, तोच कुंपणापलीकडून ओमा किंचाळली, "गोऽऽल!"

"म्हातारीला दिसेनासं झालंय," एकहार्ट हसला.

अर्ध्या मिनिटाने गोल झाला.

"दाजी," त्याच्या बायकोचा भाऊ फोल्कर म्हणाला, "सामना तिच्याकडे चाललाय. तुमच्याकडे त्याचं वर्षश्राद्ध."

"अरे, इंटरनेटवरून येतं, थोडा वेळ लागणारच. पण चित्र बघ की! गवताचं पातं न् पातं दिसतंय."

"गवत माझ्याही बागेत आहे. तुम्ही कापू देत नाही ना."

त्यानंतर पाहुण्यांचे डोळे नावाला पडद्याकडे आणि कान कुंपणाकडे. पलीकडून "अरेरे!" आलं की इकडे सुतक. आपला गडी पडद्यावर चेंडू घेऊन सुसाट निघालेला असायचा आणि हे "बिचारा" म्हणत सॉसेजला मोहरीची चटणी लावत बसायचे. मग एकेक जण ताटली घेऊन सटकू लागला. शेवटी एकहार्टची बायको गुड्रून उठली.

"ओमाला जरा बटाट्याची कोशिंबीर देऊन येते हं."

"आत्ता? अगं, पेनल्टी सुरू होतायत!"

"म्हणून तर," ती म्हणाली आणि गेली.

एकहार्ट तणतणत कुंपणाशी गेला. "ओमा, जरा हळू ओरडा. शांततेचा नियम आहे."

ओमाने मानही वळवली नाही. "हळू कशाला? तुझ्याकडे पोचेपर्यंत सगळं शिळंच होतंय. ये, बस. स्टूल आहे."

पण अध्यक्षाने स्टुलावर कसं बसायचं? तो परत फिरला.

शेवटच्या पेनल्टीच्या आधीच पलीकडे जल्लोष उसळला. गुड्रूनचा आवाज सगळ्यांच्या वर होता. लग्न झाल्यापासून ती इतक्या आनंदाने ओरडलेली त्याने ऐकली नव्हती. पडद्यावर आपला गोलकीपर अजून हातमोजे सारखे करत होता. आपण जिंकलो, हे एकहार्टला कळलं होतं, पण सांगणार कुणाला? गोलकीपरने एकदाचा चेंडू अडवला, तेव्हा त्याने रिकाम्या खुर्च्यांमध्ये उभं राहून दोन टाळ्या वाजवल्या. त्याला फार एकटं वाटलं.

सकाळी सभेत त्याने ठरावाचा कागद काढायच्या आत फोल्कर उभा राहिला. "अँटेना राहील आणि अध्यक्ष ओमा इल्से. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

भराभर हात वर गेले. गुड्रूनचाही गेला. एकहार्टने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, इकडेतिकडे पाहिलं.

"मोजू का?" ओमाने विचारलं.

"थांबा हो," फोल्कर म्हणाला, "दाजींचा हात यायचाय अजून. त्यांच्याकडे सगळं जरा उशिरा पोचतं."

सभा हसली. एकहार्टचा हात हळूहळू वर गेला. मग तोही हसला, सगळ्यांचं हसून झाल्यावर.