शारजाहून आलेल्या चार पट्ट्या

मी एक जुनी पांढरी गाडी आहे. बावीस वर्षांची. पण मित्रांनो, आज मला वय विचारूच नका! आज माझ्या दोन्ही कुशींना काळ्याभोर चकचकीत पट्ट्या आहेत आणि त्या कशा लागल्या हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म उत्तरेतल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून ट्रकवर चढून मी पार केरळात, पोन्नानीच्या समुद्राजवळ आले. मला घेतलं सैदलवीने. तो शारजात एका हॉटेलात कामाला. दोन वर्षांतून एकदा, महिनाभराच्या रजेवर घरी येई. तो महिना म्हणजे माझी चंगळ असे! रोज आंघोळ, रोज फेरफटका, आज लग्न, उद्या त्याची सासुरवाडी. लोक म्हणत, "सैदलवीची गाडी निघाली!" मग रजा संपे. विमानतळावर तो माझ्या बॉनेटवरून हात फिरवी आणि मागे न बघता आत जाई. पुढची दोन वर्षं मी त्याच्या बहिणीच्या अंगणात, फणसाखाली, ताडपत्री पांघरून. कोंबड्या माझ्या पोटाखाली अंडी घालत. बावीस वर्षांत मी खरी जगले ती जेमतेम अकरा महिने. तेव्हा फार वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मला उठवलं ते जुमानाने. ही सैदलवीची भाची, वय वर्षं वीस. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचं शिकली. तिने माझी ताडपत्री ओढून फेकली, कोंबड्यांना हाकललं आणि दोन महिने खपून माझं इंजिन सुरू केलं. मी पहिल्यांदा धूर सोडला तेव्हा ती अंगणभर नाचली. मीही नाचले असते, पण चाकांत हवा नव्हती.

जुमानाला एकच ध्यास होता. गाड्या सजवणाऱ्या हारिसच्या गॅरेजात नोकरी. सगळे त्याला हारिसिक्का, म्हणजे हारिसदादा, म्हणत. ती तीनदा विचारून आली आणि तीनदा त्याने हसून परत पाठवलं. चौथ्यांदा मात्र वैतागून म्हणाला, "बरं बाई! रविवारपर्यंत घरच्या घरी एका गाडीला साइड स्प्लिटर लावून आण. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. मला खोट सापडली नाही तर सोमवारपासून ये. सापडली तर परत या दारात दिसायचं नाही. कबूल?"

"कबूल!" जुमाना म्हणाली.

साइड स्प्लिटर म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, दारांच्या खाली लावायच्या लांबलचक पट्ट्या. त्या लावल्या की आमच्यासारखी साधी गाडीही शर्यतीला निघाल्यासारखी दिसते. मामा बुधवारी रजेवर येणारच होता. त्याने फोनवर छाती ठोकून सांगितलं, "आणतो. अस्सल फायबरच्या आणतो!"

बुधवारी मामा आला. त्याच्याबरोबर दोरीने करकचून बांधलेलं, चारही बाजूंनी नाव लिहिलेलं खोकंही आलं. गल्फहून आलेलं खोकं उघडायला आमच्याकडे अख्खं घर जमतं. साबण निघाले, खजूर निघाले, दुधाच्या पावडरीचे डबे निघाले. पट्ट्या मात्र दिसेनात. शेवटी घोंगडीत गुंडाळलेल्या पट्ट्या निघाल्या. एक, दोन, तीन, चार.

"चार कशा?" जुमानाने विचारलं. "दोन हव्यात ना?"

मामा खुशीत हसला. "अगं, सहा फुटी डाग विमानात कोण घेणार? खोक्यात मावेना, म्हणून मधोमध कापल्या. करवतीने. बघ, किती सरळ कापल्यात!"

जुमानाची आई सुलैखा म्हणाली, "इतकी वर्षं हॉटेलात पराठे कापतोय ना, तीच सवय!"

जुमाना माझ्या मागच्या सीटवर येऊन बसली आणि दार लावून रडली. बाहेर मामाचा चेहरा इतका उतरला की मला दोघांचीही कीव आली. त्याने भाचीसाठी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मनातली वस्तू आणली होती आणि स्वतःच्या हाताने तिचे तुकडे केले होते. थोड्या वेळाने तो काचेवर टकटक करून हळूच म्हणाला, "जुमी, फुटलेल्या होड्या फायबरच्याच असतात की गं. त्या जोडतातच ना?"

दार धाडकन उघडलं. पट्ट्या काखेत मारून दोघं किनाऱ्याकडे पळत सुटली!

किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करणारा वेलायुधन असतो. म्हातारा आहे, तोंडाचा फटकळ. अट ऐकून त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि दोघांमागोमाग आमच्या अंगणात येऊन बसला. "मी बोटही लावणार नाही. शिव्या मात्र देणार," म्हणाला. जुमानाने तुकडे टोकाला टोक लावून ठेवले, आतून काचेच्या धाग्याचं कापड अंथरलं, त्यावर राळ फासली. "अगं, लोणी लावतेस का पावाला? दाब! बुडबुडा राहिला तर समुद्रात बुडशील!" वेलायुधन ओरडत होता. "काका, ही रस्त्यावर चालणारे!" "मग खड्ड्यात बुडशील!" एकदा सगळं बिघडलं, खरवडून पुन्हा केलं. शनिवारी सकाळी जोड वाळला. जुमानाने तो पाण्याच्या पॉलिश कागदाने घासला आणि वर काळा रंग मारला. मग वेलायुधनने पाठीमागचे हात सोडले आणि पहिल्यांदा जोडावरून बोट फिरवलं. शिवी न देता चहा मागितला.

आणि मग माझी पाळी! तिने माझ्या कुशी धुतल्या, कोरड्या केल्या, स्पिरिटने पुसल्या. कागदी पट्टी चिकटवून खुणा केल्या. जमिनीपासूनचं अंतर दोन्हीकडे इतक्या वेळा मोजलं की सुलैखा म्हणाली, "कपडे शिवतेस का तिला?" जॅक लावायच्या जागा मोकळ्या सोडल्या. मामाने पट्टी नुसती धरायची, असं ठरलं. धरणं म्हणजे काम नव्हे, हा त्याचाच निकाल. ड्रिल गरगरलं तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. प्रत्येक भोकात तिने गंज न धरणारा रंग भरला आणि मगच स्क्रू पिळला. संध्याकाळी ती दहा पावलं मागे सरकून मला बघत उभी राहिली. त्या नजरेसाठी मी आणखी बावीस वर्षं फणसाखाली काढली असती!

रविवारी आम्ही हारिसिक्काच्या गॅरेजात शिरलो. हारिसिक्का माझ्याभोवती फिरला. पट्टीवर गुडघा दाबला, टाचेने रेटलं, बोटांनी वाजवलं. जोड त्याला सापडलाच नाही. मग तो जमिनीवर उताणा झाला, माझ्याखाली सरकला आणि एकदम ओरडला, "ही घे खोट! वीतवीत अंतरावर स्क्रू आहेत, इथे मात्र नाही. विसरलीस."

गॅरेजातली पोरं हसली. मामाने डोळे मिटले.

"विसरले नाही," जुमाना म्हणाली. "तिथे कंपनीने पाणी जायला भोक ठेवलंय. दारांतून झिरपलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. मी ते बुजवलं तर वरून दिसेल छान, पण गाडी आतून कुजेल."

हारिसिक्का बाहेर आला. अंगावरची धूळही न झटकता तो दाराशी उभ्या असलेल्या स्वतःच्या लालभडक गाडीकडे गेला. सगळ्या पोन्नानीत मिरवणारी, गॅरेजची शान ती! तो तिच्याखाली वाकला आणि तिच्या पट्टीखाली बुजलेल्या भोकात पेचकस खुपसला. आतून तपकिरी पाण्याची धार लागली. गंजाचे पोपडे पडले. हसणारी पोरं आता वाकून बघू लागली.

मित्रांनो, मला त्या लाल गाडीचं हसू आलं नाही. तिला रोज पुसत होते, पण तिच्या पोटाखाली एकदाही कुणी वाकलं नव्हतं. तुमच्या घरीही एखादी सायकल, एखादी शिलाई मशीन, एखादी माझ्यासारखी म्हातारी गाडी असेल. तिला खुशाल नटवा, आम्हालाही नटायला आवडतं! पण आधी गुडघे टेकून खाली बघा.

हारिसिक्काने पेचकस पुसला आणि जुमानापुढे धरला. ती म्हणाली, "मग सोमवारी येऊ?"

"सोमवारपर्यंत ही टिकेल का?" तो आपल्या गाडीकडे बघत म्हणाला. "आत्ताच हात घाल. मी धरतो."