झाकलेली खिडकी

तेजलने सुक्या बोंबलाचं डोकं मोडलं, डोकं ताटात ठेवलं आणि धड कचऱ्याच्या सुपात टाकलं. समोर पायरीवर बाबा आंबे काढायच्या झेल्याची फाटकी जाळी शिवत बसले होते. काही न बोलता त्यांनी वाकून सुपातलं धड उचललं, ताटात ठेवलं आणि डोकं अंगणातल्या मांजराकडे भिरकावलं.

"हे तिसऱ्यांदा गो," ते म्हणाले. "लक्ष कुठाय तुझं?"

"कुठे नाही."

"दुपारच्या मीटिंगची धास्ती घेतलीस काय?"

तेजलने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बाबा म्हणजे महेंद्र तांबे. रत्नागिरीच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, त्यांनी एकतीस वर्षं अटेंडंट म्हणून काढली होती. लंबक टांगणं, भिंगं पुसणं, होकायंत्रं मोजून कपाटात ठेवणं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन ते पालीच्या बौद्धवाडीतल्या घरी कायमचे राहायला आले. लेक मुंबईला पीएचडी करते, युरोपातल्या एका मोठ्या प्रयोगात तिचं काम चालतं, हे त्यांनी बाजारात भेटेल त्याला सांगून झालं होतं. परवा पुतणीच्या लग्नात बौद्धाचार्यांनी माईकवरून तेजलचं नाव घेतलं आणि मांडवभर टाळ्या वाजल्या. तेजलने उभं राहून हात जोडले, आणि ती पंगतीला न बसता मागच्या बाजूने घरी निघून आली. पोट बिघडलंय, असं तिने आईला सांगितलं होतं. आई आता दोन दिवस माहेरी मंडणगडला गेली होती, त्यामुळे त्यावर पुढे काही विचारणारं घरात कुणी नव्हतं.

"आज ठरायचं काय नक्की?" बाबांनी विचारलं. "सोप्पं करून सांग."

तेजलने हात पदराला पुसावेत तसे कुर्त्याला पुसले.

"तिकडे प्रोटॉन एकमेकांवर आदळवतात. कोट्यवधी टकरी. त्यातल्या मोजक्या टकरींत एखादा नवा कण तयार होत असेल, तर तो कुठल्या भागात दिसेल ते आम्ही आधी गणित करून काढतो. आणि मग तोच भाग झाकून ठेवतो."

"झाकून? शोधायचं तेच झाकायचं?"

"हो. खिडकीवर पडदा टाकावा तसं. कुठल्या टकरी घ्यायच्या, कुठल्या सोडायच्या, याच्या सगळ्या अटी आधी पक्क्या करायच्या. त्या पक्क्या झाल्या की समिती परवानगी देते, मग पडदा काढायचा. आज ती परवानगी मिळायची आहे."

बाबा सुईत दोरा ओवत होते. ते हसले.

"बरोबर आहे त्यांचं. आमच्याकडे पोरं काय करायची? गुरुत्वाचं उत्तर नऊशे ऐंशी यायला हवं हे पाठ असायचं. लंबकाला हातसुद्धा लावायची नाहीत. उत्तरावरून उलटी रीडिंगं लिहायची. मला लांबून कळायचं. ज्याची वही फार सुंदर जुळलेली, तो चोर." त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुमच्या साहेब लोकांनी पक्का बंदोबस्त केलाय."

तेजल ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी पाहिलंय, बाबा."

"काय?"

"पडद्यामागे. ऑक्टोबरात."

कारण काही मोठं नव्हतं. जेवणाची सुट्टी होती, खोलीत कुणी नव्हतं. प्रोग्रॅममधली एक ओळ काढली की आकडे दिसणार, हे दीड वर्ष रोज समोर होतं. तिने ओळ काढली. चार टकरी अपेक्षित होत्या, सात होत्या. ओळ परत जागेवर ठेवून ती डबा खायला गेली. तिथेच सगळं थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण म्यूऑन नावाच्या कणाच्या ऊर्जेची किमान मर्यादा ठरवायची राहिली होती. तीसच्या वरचे घ्यायचे, की सत्तावीसच्या? सत्तावीस घेतली तर आणखी दोन टकरी खिडकीत येतात आणि नवा कण अधिक ठळक दिसतो, हे तिने त्या दुपारी पाहून ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात तिने सत्तावीसच्या बाजूने आठ पानांचं टिपण लिहिलं. त्यातला एकही मुद्दा खोटा नव्हता. तिच्याबरोबर काम करणाऱ्या सुजयला ते पटलं, मार्गदर्शकांना पटलं, समितीतल्या एकाने तर टिपणाचं कौतुक केलं होतं.

हे सगळं तिने बाबांना सांगितलं. आकडे गाळून, पण सांगितलं. बाबांची सुई जाळीत तशीच अडकून राहिली होती.

त्यांनी 'का' असं विचारलं नाही. ओरडलेही नाहीत. सुई सोडवून घेत म्हणाले,

"त्या सुजयला ठाऊक आहे?"

"नाही."

"त्याचंही नाव आहे ना कागदावर?"

"आहे."

"मग आधी त्याला फोन कर. साहेबांना काय सांगायचं ते नंतर बघ. दोघांचं काम, आणि त्याने ते चारचौघांत ऐकायचं, हे बरं नाही."

फोन तिने पडवीतच, त्यांच्या समोरच केला. उठून आत जायचं तिला सुचलं नाही. सुजय मुंबईला होस्टेलवर होता. तो जळगावचा, कामाला चोख, फोनवर नेहमी दोन वाक्यं जास्त बोलणारा. तिने त्याला सगळं सांगितलं.

मग त्याने विचारलं, "किती आहेत?"

"नाही सांगणार."

"सॉरी. हो. नकोच सांगूस." त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. "तेजल, दीड तासाने मीटिंग आहे. आत्ता का सांगतेयस मला?"

"आधी सांगायला हवं होतं."

"आधी सांगायला हवं होतं किंवा मग कधीच नको होतं. जर्मनीवाल्यांनी माझी पोस्टडॉकची जागा जूनपर्यंत धरून ठेवलीय. दोनदा मुदत वाढवून घेतलीय मी. हे काम आता लटकलं तर थीसिस लटकेल, मग ती जागा गेलीच. तुला माहितीये हे."

"माहितीये."

"आज बोलू नकोस. प्लीज. थीसिस सबमिट होऊ दे एकदा, मग आपण दोघं मिळून सांगू. मी येतो तुझ्याबरोबर."

"बघते," तेजल म्हणाली.

तिने फोन ठेवला तेव्हा बाबा झेला बांबूला बांधत होते. पलीकडचा आवाज त्यांच्यापर्यंत आला होता की नाही, ते कळत नव्हतं. "कळलं ना त्याला?" एवढंच त्यांनी विचारलं. "कळलं," ती म्हणाली.

घरी फोनला रेंज येऊन जाऊन असायची, म्हणून मीटिंगसाठी पाली बाजारात श्रद्धाच्या सेवा केंद्रात जायचं ठरलं होतं. श्रद्धा तिची शाळेतली मैत्रीण; दाखले, सातबारा, रेशनकार्डाची कामं करायची. वाडीतल्याच सदूने त्याच्या रिक्षातून दोघांना सोडलं. वाटेत तो म्हणाला, "आज काय सायबांसोबत बोलणी आहेत म्हणे? जमवून टाक गो, वाडीचं नाव होऊ दे." तेजल रस्त्याकडेच्या कलमांकडे बघत राहिली. मोहोर करपलेल्या झाडांवर नवी पालवी फुटली होती.

श्रद्धाने मागची खोली झाडून ठेवली होती. टेबलावर झेरॉक्सच्या कागदांचे गठ्ठे, भिंतीला जातीच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी. बाबा दाराबाहेरच्या बाकावर, रेशनकार्डासाठी आलेल्या दोन म्हाताऱ्यांशेजारी बसले. दार लोटूनही नीट लागत नव्हतं.

दोन वाजता लॅपटॉपच्या पडद्यावर अकरा चेहरे आले. समितीच्या प्रमुख इंग्रिड नावाच्या बाई होत्या, पांढरे केस, शांत आवाज. सुजयने अर्धा तास सगळं मांडलं. सुंदर मांडलं. सत्तावीसच्या मर्यादेचं पान आलं तेव्हा तो त्यावर जरा भराभर बोलला, असं तेजलला वाटलं, किंवा नसेलही.

शेवटी इंग्रिडबाई म्हणाल्या, "आता एक औपचारिक प्रश्न. प्रत्येकाने वेगळं उत्तर द्यायचं. झाकलेल्या भागातला डेटा तुमच्यापैकी कुणी पाहिला आहे का, किंवा कुणी पाहिल्याचं तुम्हाला माहीत आहे का? सुजय?"

"नाही," सुजय म्हणाला. ताबडतोब, आणि अगदी स्वच्छ.

प्रश्नाचा हा दुसरा भाग फोन करताना तेजलच्या ध्यानात नव्हता. दोन तासांपूर्वी तिने फोन केला नसता, तर सुजयचं हे उत्तर खरं असतं.

"तेजल?"

बाहेर एक म्हातारा श्रद्धाला विचारत होता, अंगठा उठत नसेल तर काय करायचं.

"मी पाहिला आहे," तेजल इंग्रजीत म्हणाली. "ऑक्टोबरमध्ये. एकटीने. आणि त्यानंतर सत्तावीसची मर्यादा मी सुचवली. ते टिपण माझं आहे."

तिला आपला चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होता. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, पण चित्रात तो चेहरा नेहमीसारखाच होता, हे तिला भयंकर वाटलं. दोघांच्या मार्गदर्शकांनी चष्मा काढून डोळे चोळले. इंग्रिडबाईंनी दोन-तीन नेमके प्रश्न विचारले: तारीख, कुठली ओळ, आधीची मर्यादा काय होती. तेजलने उत्तरं दिली. मग बाई म्हणाल्या,

"सांगितलंत ते बरं झालं. आणखी एकच. सुजयला हे माहीत होतं?"

सुजयच्या चौकटीत त्याचा माईक बंद असल्याची खूण होती. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. त्याचा हात गळ्याशी गेला होता, शर्टाचं बटण चाचपत होता.

"नाही," तेजल म्हणाली. "तो हे आत्ताच ऐकतोय."

निर्णय पाऊण तासात झाला. खिडकी आज उघडायची नाही. मर्यादा परत तीसवर न्यायची. तेजलने या कामातून बाहेर पडायचं; सुजयने दुसऱ्या संस्थेतल्या एका संशोधिकेबरोबर सगळं तपासून महिन्याभराने पुन्हा समितीसमोर यायचं. थीसिस जूनच्या आत होईल, असं मार्गदर्शकांनी स्वतःहून नोंदवलं. तेजलसाठी नवा विषय शोधावा लागेल, त्याचं नंतर बोलू. एकेक चेहरा पडद्यावरून जात गेला. सुजयचा सगळ्यांच्या आधी गेला.

तिने लॅपटॉप मिटला तोच फोन वाजून थांबला. सुजयचा संदेश होता. ती उघडेपर्यंत त्याने तो पुसून टाकला होता.

श्रद्धा चहा घ्यायचा आग्रह करत होती. नको म्हणून दोघं बाहेर पडले. सदूची रिक्षा तिठ्यावर उभी असणार होती. तिथवर चालत जायचं होतं. ऊन अजून कडक होतं. बाबांनी लॅपटॉपची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती.

"बोललीस ते कळलं मला," थोडं चालल्यावर ते म्हणाले. "तेवढं इंग्रजी येतं. लागलीच बोललीस. घाबरली नाहीस."

तेजल रस्त्यातले खड्डे चुकवत चालत होती.

"आता दीड-दोन वर्षं जास्त जातील, नाही? जाऊ देत. मी आहे." मग त्यांनी विचारलं, "शेवटी त्या बाईने काहीतरी विचारलंन, तेव्हा तू थांबलीस. पुढचं म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ऐकू आलं नाही. ते काय होतं?"

"सुजयला ठाऊक होतं का, ते."

"मग?"

"नव्हतं, म्हटलं."

बाबा चालायचे थांबले. समोरून कोल्हापूरकडे जाणारा ट्रक आला, त्याची धूळ दोघांवर उडाली. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली, ती पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली.

"फोन मीच करायला लावलान तुला," ते म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की 'लावलान' म्हणजे 'त्याने लावला'; ते स्वतःविषयीच तिऱ्हाइतासारखं बोलले. "मी लावला," त्यांनी दुरुस्त केलं.

"तुमचं काही नाही त्यात, बाबा."

ते पुढे चालू लागले. एकतीस वर्षं वह्या लांबून ओळखणारा हा माणूस आता तिच्या एक पाऊल पुढे चालत होता, आणि त्यांची पाठ बघत चालताना तेजलला ऑक्टोबरपासून एकदाही वाटली नव्हती इतकी लाज वाटली. त्या दुपारची लाज तिची एकटीची होती.

सदूने रिक्षा सुरू केली. वळणावर त्याने आरशातून मागे पाहिलं.

"मग काय महेंद्रदादा? काय झालं बोलण्यांचं?"

तेजलने मान खाली घातली.

"झाली," बाबा म्हणाले. "चूक झाली होती कामात. ती कबूल केलीन तिने."

"अरे बापरे. सगळं सांगून टाकलंन?"

रिक्षा चढाला लागली होती, इंजिनाचा आवाज वाढला होता. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. सदूने पुन्हा विचारलंही नसतं.

"सगळं," बाबा मोठ्याने म्हणाले, आणि रिक्षा वाडीत शिरेपर्यंत बाहेर बघत राहिले.