चार माणसांची लिफ्ट

जावई लिफ्टचा मिस्त्री. त्याला देवाचं वावडं आणि सासूला लिफ्टचं. पाचव्या मजल्यावर एकाच घरात राहून दोघांनी आपापला हट्ट पोसला होता. गुडघे कुरकुरायला लागले, तरी सासू कठडा धरून जिन्यानेच उतरायची. शेजारी मिस्त्रीला विचारायचे, "तुमच्याच घरचं माणूस बसत नाही, मग आम्ही कसं बसायचं?" हे त्याला फार झोंबायचं.

"आई, चार पोलादी दोर आहेत. चारही तुटले, तरी ब्रेक बाजूच्या रुळांना घट्ट धरतो. वाळूची पोती भरून तपासलीय मी. न दिसणाऱ्या देवावर विश्वास ठेवता, आणि दिसणाऱ्या दोरावर नाही?"

"दोर दिसतो म्हणूनच भीती वाटते, जावईबापू."

पण एका सकाळी गुडघ्यांनी पायरीला साफ नकार दिला. सासू लिफ्टपाशी आली.

"जाते. पण तुम्ही बाहेरच थांबा. नाहीतर उद्या म्हणाल, माझ्या भरवशावर गेली. मी देवाच्या भरवशावर चाललेय."

तिने बटण दाबलं आणि डोळे मिटले. दार लागलं. मिस्त्री गालातल्या गालात हसला. वरचे आकडे उतरू लागले. चार. तीन. तीनवरच अडकले.

आत वाळूची पोती असती, तर त्याने शांतपणे हत्यारांची पिशवी उघडली असती. पण पोती काही रोज "जेवलात का" विचारत नाहीत. दोर, ब्रेक, रूळ, सगळं डोक्यातून पळालं. लिफ्टला वळसे घालणाऱ्या जिन्यावरून तो धावत सुटला, आणि तोंडातून भलतंच निघू लागलं, "देवा, आईंना तेवढं सुखरूप उतरव. देवा, एवढं एकदाच."

तो तळाला पोचला आणि दार उघडलं. सासू तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीशी गप्पा मारत बाहेर आली. शेजारणीने मध्ये लिफ्ट थांबवली होती, एवढंच. ती आपल्या वाटेने निघून गेली.

"चांगली आहे हो तुमची लिफ्ट," सासू म्हणाली. "पण जिन्यातून कुणाला हाका मारत होतात? नाव ओळखीचं वाटलं."

मिस्त्री कठडा धरून धापा टाकत होता.

"घाबरून बाजाराची पिशवी वरच विसरले मी. चला, तुम्हीही. चार माणसांची पाटी आहे, आपण तिघं आरामात मावू."

शेजारीण तर केव्हाच गेली होती. मिस्त्रीने आजूबाजूला पाहिलं, मुकाट्याने आत शिरला आणि कोपऱ्यात जरा अंग चोरून उभा राहिला.