घाबरलेल्या योसेफाचं पान

बाबांनी लागोपाठ दोन रविवार ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर घेतली नाही, तेव्हा दादाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो धर्मगुरू झाला त्या दिवसापासून बाबा त्याला फादर म्हणतात आणि भेटायला येईल त्याला ऐकवतात, "बाप मी, आणि फादर हा. जग उलटं फिरतंय ते असं." बाबा अंथरुणाला खिळल्यावर दादा दर रविवारी उपासना आटोपून भाकरीची छोटी चांदीची डबी घेऊन घरी यायला लागला. पहिल्या खेपेला बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, पोट बरं नाही. दुसऱ्या खेपेला तोंड कडू होतं. दादाने डबी तशीच खिशात ठेवली, आणि चहा न घेता गेला.

खरं कारण मला ठाऊक होतं, आणि सांगायची मला बंदी होती.

बाबा रंगारी. दोरावर फळी टांगून चर्चच्या मनोऱ्याच्या टोकापर्यंत रंगवत जायचे, आणि वरून शीळ घालायचे. खाली आई डोळे मिटून उभी. या माणसाला भीती कशाशी खातात ते माहीत नव्हतं. आता हृदय थकलंय, डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलंय, आणि भीती रोज दुपारी येते. जेवणं होऊन गल्ली सुस्तावली, की बाबा एकदम डोळे उघडतात आणि माझं मनगट धरतात. मी कामावरून दुपारची घरी येते ती त्यासाठीच.

"खाली काहीच नाही असं वाटतं गं," एकदा म्हणाले. "दोर सुटल्यासारखं. जन्मभर त्याच्या पाया पडलो, आणि शेवटी हे."

त्याच्या, म्हणजे समोरच्या तसबिरीतल्या, येशूला वाढवणाऱ्या संत योसेफाच्या. चांगलं मरण यावं म्हणून योसेफाला विनवायचं, ही आमच्यात जुनी रीत. तसबिरीत म्हातारा योसेफ शुभ्र उशीला टेकलाय, एका अंगाला मरिया, दुसऱ्या अंगाला येशू, आणि चेहरा असा, की पोटभर जेवून घटकाभर आडवा झालाय.

"त्याच्याकडे बघ आणि माझ्याकडे बघ. विश्वास कमी पडला माझा. असल्या भित्र्या तोंडाने भाकर कशी घेऊ? आणि फादरला यातलं काही बोलायचं नाहीस. त्याचा बाप भित्रा निघाला, हे त्याला कळायला नको."

मी मान हलवली. पण रोजच्या पहाटेच्या प्रार्थनेत तेवढं एकच मागत होते, की माझा बाप त्या भाकरीवाचून उपाशी जाऊ नये.

मी जुनी हस्तलिखितं जपणाऱ्या संस्थेत आहे. माझं काम पानं उलगडायचं. ओलसर हवेच्या पेटीत पान मऊ होऊ द्यायचं, मग हाडाच्या पट्टीने एकेक घडी सोडवायची. घाई केली की शतकांची घडी मोडते, आणि मोडली ती मोडली. त्यावर लिहिलेलं मला वाचता येत नाही. ते लिपीवाल्या बाईंचं काम. देवाधर्माशी बाईंचा संबंध एवढाच, की देवाबद्दल लिहिलेली अक्षरं त्या लावून वाचतात. मी जेवणाआधी प्रार्थना करते तेव्हा मात्र त्या आपला डबा उघडायच्या थांबतात.

त्या दिवसांत एका पडक्या मठाच्या भिंतीतून निघालेलं चामड्याचं गाठोडं आमच्याकडे आलं होतं. त्यातलं एक पान मी सपाट करून काचेखाली ठेवलं, आणि बाई त्यावर वाकल्या.

"या, तुमचा योसेफ निघालाय," म्हणाल्या.

माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. आमच्या चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक शब्द नाही. स्वप्न पडतं, उठतो, सांगितलेलं करतो. पोरगा मोठा होतो आणि योसेफ गोष्टीतून निघूनच जातो. कधी गेला, कसा गेला, कुणी लिहिलं नाही. या पानावर त्याचं मरण होतं. बाई शब्द शब्द लावून सांगत गेल्या. म्हातारा घाबरलाय. दिवा विझवू नका म्हणतो. तोंडावर पांघरूण ओढून घेतो, कारण आपलं रडणं मुलाला दिसू नये. आणि मुलगा त्याच्या पायांशी बसलाय, गार पडलेली पावलं दोन्ही हातांत धरून त्याच्याशी बोलतोय.

मी विचारलं, हे खोटं आहे का?

"वगळलेलं आहे," बाई म्हणाल्या. "का वगळलं, ते तुमच्या दादांना विचारा, त्यांच्याच लोकांनी वगळलंय."

मग चहा ढवळता ढवळता त्यांनी समजावलं. आपल्याला वाटतं, पहिल्यापासून एकच पुस्तक होतं आणि सगळे त्यातूनच वाचत होते. तसं नव्हतं. कितीतरी वर्षं या गावच्या भाविकांकडे एक गोष्ट, त्या गावच्यांकडे दुसरी. पुढे निवड झाली. उरलेलं कुणी जाळलं, कुणी भिंतीत चिणून ठेवलं. हे पान निवडलेल्या पुस्तकांच्या नंतरचं असणार, प्रत्यक्ष कुणी पाहून लिहिलेलं नव्हे. "पण कुणाला तरी हे लिहावंसं वाटलं," बाई म्हणाल्या, "आणि कुणीतरी ते भिंतीत जपलं. असेल कुणाचा तरी बाप आजारी."

बाबांबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात दादा आला तेव्हा स्वयंपाकघरात कप विसळताना मी त्याच्यापुढे पानाचा विषय काढला. बाबांचं नाव घेतलं नाही, नुसतं पानाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि मऊ आवाजात, पण ठाम सांगितलं, की असली पुस्तकं तोही शिकताना चाळून आलाय. अभ्यासाला ठीक. पण ख्रिस्तसभेने बाजूला ठेवलेलं आजाऱ्याच्या उशाशी आणायचं नाही. बाबांना त्या तसबिरीचा केवढा आधार आहे, तोच हलवायचा का?

मी कप पुसत राहिले. मोठ्याचा शब्द मोडायचा नाही, हे मी लहानपणापासून पाळत आले. पाळण्याचं एवढं ओझं कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी दादाला उशीर झाला. आला तोवर गल्ली सुस्तावली होती, आणि बाबांनी माझं मनगट धरलेलं होतं. दादाने डबी उघडली. बाबांनी मान फिरवली.

"माझ्यावर राग आहे का, बाबा?" दादाने विचारलं. "माझ्या हातचं नको असेल तर दुसऱ्या कुणाला पाठवतो. पण घ्या."

बाबांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. एक बाप मुलापासून लपत होता, आणि मुलाला वाटत होतं, बापाने आपल्याला टाकलं. मला ते बघवेना.

"बाबा, माझ्या कामावर एक पान आलंय," मी म्हणाले.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हे शास्त्र नाही, आणि शास्त्र म्हणून मी सांगतही नाही. जुनी गोष्ट म्हणून ऐका." आणि मी दिव्याचं सांगितलं, पांघरुणाचं सांगितलं. योसेफ घाबरला होता, असं सरळ सांगितलं. बाबांची माझ्या मनगटावरची पकड सैल झाली. ते तसबिरीकडे बघायला लागले. एखाद्या भिंतीला आधीचा कुठला रंग होता ते ताडावं, तसं बघत होते.

"आणि पोरगा?" त्यांनी विचारलं. "धीर धरा म्हणाला असेल."

"नाही. पाय धरून बसला. मग म्हणाला, बाबा, माझी वेळ येईल तेव्हा मलाही अशीच भीती वाटणार आहे. तेव्हा तुम्ही नसाल. म्हणून आत्ताच तुमच्याजवळ बसून शिकून घेतो."

"पुढे?"

"पुढे पान तुटलंय, बाबा."

दादा डबी हातात धरून उभाच होता. मला वाटलं, आता रागवेल. मी खाली मान घातली.

"फादर," बाबा म्हणाले. मग थांबले, आणि कित्येक वर्षांत मारली नव्हती अशी हाक मारली. "बाळा, मला भीती वाटते रे."

दादाने डबी खिडकीत ठेवली.

"बागेत येशूलाही वाटली होती," तो म्हणाला. "धरून न्यायच्या आधी. मरणाचा प्याला नको म्हणाला होता. हे आपल्याच पुस्तकात आहे, बाबा, वगळलेलं नाही. मी दर वर्षी मोठ्याने वाचतो. वाचतो आणि पुढे जातो." त्याने बाबांकडे पाहिलं. "तुम्ही कधीपासून असे..."

"भाकर नाकारली तेव्हापासून धर. भित्र्याच्या तोंडी शोभत नाही म्हटलं."

दादा पलंगाच्या पायथ्याशी बसला. पांघरूण वर केलं आणि बाबांची पावलं मांडीवर घेतली. शिडीवर उभं राहून राहून घट्टे पडलेली, बोटं वाकलेली ती पावलं. त्याने ती दोन्ही हातांत धरली.

"मग कुणाच्या तोंडी शोभते?" त्याने हळूच विचारलं.

बाबांनी मान त्याच्याकडे वळवली. "आण मग," म्हणाले.

दादा उठायला लागला तसं त्यांनी त्याला दटावलं. "तू बस. पाय सोडू नकोस. ती देईल डबी."

मी खिडकीतली डबी उचलून दादापुढे धरली. एक हात पावलावर तसाच ठेवून त्याने भाकर घेतली, प्रार्थना म्हटली, आणि पुढे वाकून बाबांच्या तोंडात दिली. एक कण चादरीवर पडला, तो त्याने टिपून स्वतःच्या तोंडात टाकला.

बाबांनी गिळलं. डोळे ओले होते. भीती गेली असं मी म्हणणार नाही, ती दुसऱ्या दुपारीही आली. पण बाबांनी चेहरा झाकला नाही.

थोड्या वेळाने ते पलंगाच्या पायथ्याकडे बघून म्हणाले, "फादर, हे काय हळूहळू चोळणं? वेदी पुसतोयस का? जुना रंग खरवडतात तसं चोळ, जरा ऊब येऊ दे."

दादाने झग्याच्या बाह्या वर सारल्या.